विश्लेषण : नेटला वेग आहे, तरी आवाज का तुटतो? ऑनलाइन टेबलटॉप खेळाचे गणित

नकाशा उघडत नाही. उघडला तर आवाज जातो. लहान गावांतून मित्रांसोबत ऑनलाइन टेबलटॉप खेळ खेळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. महागडा प्लॅन घेऊनही ती सुटत नाही, कारण दुखणे बहुतेक वेळा वेगाच्या जाहिरातीतल्या आकड्यात नसते. मग ते कुठे असते आणि घरच्या घरी त्यावर काय करता येते?

शनिवारच्या रात्री नेमके काय बिघडते?

समजा, शनिवारी रात्री नऊची वेळ आहे. उमरखेडच्या एकाच शाळेत शिकलेले सहा मित्र ऑनलाइन जमले आहेत. दोघे पुण्यात, एक हैदराबादला, एक अमेरिकेत आणि दोघे अजून उमरखेडमध्येच. खेळ चालवणारा उमरखेडचा आहे. पैनगंगेकाठचे जंगल, सहस्रकुंडासारखा धबधबा आणि त्यामागची गुहा असा नकाशा त्याने आठवडाभर खपून तयार केला आहे. तो नकाशा सगळ्यांना दाखवायला जातो आणि खेळ थांबतो.

कोणाच्या पडद्यावर काळा चौकोन, कोणाकडे गोल फिरणारे चक्र. त्याच वेळी खेळ चालवणाऱ्याचा आवाज तुटू लागतो. ‘हॅलो, येतोय का आवाज?’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा होते. तीन-चार मिनिटांनी नकाशा येतो, पण तोवर गुहेत शिरण्याची उत्सुकता संपलेली असते. पुण्यातला मित्र म्हणतो, ‘तुझ्याकडचं नेट बदल रे.’ घरी तर केबलवाल्याकडून घेतलेली ४० एमबीपीएसची फायबर लाइन आहे. मग चूक कोणाची?

हा खेळ असतो तरी काय?

टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे टेबलाभोवती बसून मिळून रचलेली गोष्ट. एक जण सूत्रधार असतो. तो जग उभे करतो, प्रसंग सांगतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात आणि ‘मी नदी ओलांडतो’, ‘मी पहारेकऱ्याशी बोलतो’ असे सांगत गोष्ट पुढे नेतात. काही जमेल की फसेल, हे फासे ठरवतात. त्यात वीस बाजूंचा फासा सर्वांत प्रसिद्ध. सारीपाटात पट आधीच आखलेला असतो. इथे तो खेळता खेळता तयार होतो.

या प्रकारातला पहिला मोठा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. फाशांचे नाव काढले की घरची मंडळी दचकतात, म्हणून एक खुलासा आवश्यक. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन गेमिंगविषयी केलेल्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. मित्रांच्या या खेळात पैजही नसते आणि रोख बक्षीसही. मिळते ती गोष्ट आणि सोबत.

टेबल पडद्यावर कसे आले?

मित्र वेगवेगळ्या शहरांत पांगले की टेबल उरत नाही. ती जागा ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’ म्हणवल्या जाणाऱ्या प्रणालींनी घेतली. नकाशा, त्यावरची पात्रांची चकती, फासे आणि पात्राची वही हे सगळे त्या ब्राउझरमध्येच दाखवतात. ‘रोल२०’ २०१२ मध्ये लोकवर्गणीतून उभे राहिले. ‘फाउंड्री’ मे २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या काळात आले. ‘आउलबेअर रोडिओ’ हे त्यामानाने हलके साधन. बोलण्यासाठी बहुतेक गट २०१५ पासून सुरू असलेल्या ‘डिस्कॉर्ड’चा आधार घेतात.

यात एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. रोल२० वर नकाशा कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि तिथून प्रत्येकाकडे जातो. फाउंड्री मात्र सूत्रधार स्वतःच्या संगणकावरही चालवू शकतो. तसे केले, तर त्याच्या घरची लाइनच सगळ्यांचा सर्व्हर होते. पहिल्या प्रसंगातला गोंधळ इथूनच सुरू झाला.

नकाशा आणि आवाज यांचा स्वभाव वेगळा कसा?

दोन्ही एकाच वायरमधून जातात, पण त्यांच्या गरजा उलट्या आहेत. नकाशा जड पण सोशिक. त्याचा एखादा तुकडा वाटेत हरवला, तर तो पुन्हा मागवता येतो. दहा सेकंद उशीर झाला तरी चित्र तेच राहते.

आवाज हलका पण उतावळा. आज इंटरनेटवर बोलण्यासाठी सर्रास वापरली जाणारी ‘ओपस’ ही पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली. ती साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना आवाजाचा एक तुकडा पाठवते, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. ६४ केबीपीएस दर्जाच्या आवाजाला सोबतचा पत्ता-वेष्टन धरून सुमारे ८० केबीपीएस लागतात. तासभर सलग बोलले तरी हा हिशेब सुमारे ३६ एमबीचा. पण यातला एखादा तुकडा अर्ध्या सेकंदाने आला, तर त्याचा उपयोग शून्य. वाक्य पुढे गेलेले असते.

म्हणजे आवाजाला रुंद रस्ता नको, मोकळा रस्ता हवा. ‘माझे नेट ४० एमबीपीएसचे आहे’ या वाक्यातून रस्त्याची रुंदी कळते. तो किती मोकळा आहे, हे कळत नाही.

नकाशा उघडायला इतका वेळ का लागतो?

आकडेमोड सोपी आहे. नकाशाची फाइल २० एमबीची असेल, तर ती १६० मेगाबिट होते, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात. सूत्रधाराच्या घरून ती पाच जणांकडे जायची, म्हणजे ८०० मेगाबिट. आता प्रश्न त्याच्या अपलोडचा. ४० एमबीपीएस हा डाउनलोडचा आकडा असतो. अनेक जोडण्यांवर, विशेषतः मोबाइल डेटावर, अपलोड त्यापेक्षा बराच कमी मिळतो. तो ४ एमबीपीएस धरला, तर ८०० भागिले ४ म्हणजे २०० सेकंद. तीन मिनिटे वीस सेकंद सगळ्यांनी काळा चौकोन पाहायचा.

तोच नकाशा ‘वेबपी’ स्वरूपात साठवला आणि फाइल समजा २ एमबीवर आली, तर हेच काम २० सेकंदांत होते. प्लॅन तोच, लाइन तीच, केबलवालाही तोच. नकाशा बनवणारी बरीच साधने चित्र ‘पीएनजी’ स्वरूपात देतात. त्यात चित्राची अजिबात घट होत नाही, म्हणून फाइल फुगते. वेबपी हे गूगलने २०१० मध्ये आणलेले स्वरूप आहे. जेपीजीच्या तुलनेत तेवढ्याच दर्जाचे चित्र त्यात सुमारे २५ ते ३४ टक्के लहान होते, असे गूगलच्या चाचण्या सांगतात. पीएनजीशी तुलना केली तर रंगवलेल्या नकाशांत फरक याहून कितीतरी मोठा पडतो.

फाइल उतरली, तरी मोबाइल का गुदमरतो?

इथे अनेक जण फसतात. फाइल लहान केली, ती झटकन उतरली, तरी जुना लॅपटॉप किंवा स्वस्तातला मोबाइल अडकतोच. कारण फाइल कितीही दाबून बसवलेली असली, तरी पडद्यावर दाखवताना ती पूर्ण उलगडावी लागते. उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्याला साधारण चार बाइट लागतात.

८,००० गुणिले ८,००० ठिपक्यांचा नकाशा उलगडला की २५६ एमबी मेमरी खातो. मग त्याची फाइल २ एमबीची असो वा २० एमबीची. ४,००० गुणिले ४,००० केला, तर हाच आकडा ६४ एमबीवर येतो. बाजू निम्मी, भार पावपट.

मग किती मोठा नकाशा पुरे? नकाशावर ४० गुणिले ४० चौकोन असतील आणि प्रत्येक चौकोनाला ७० ठिपके दिले, तर २,८०० ठिपक्यांची बाजू होते आणि मेमरीत सुमारे ३१ एमबी लागतात. मोबाइल किंवा साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर एवढे पुरते. त्याहून बारीक काढलेली पाने-फुले खेळताना कोणी पाहत नाही.

हलणारे पाणी, धुके, मशालीचा थरथरता उजेड, भिंतीआडचे न दिसणे या सोयींचा भार वेगळा. तो नेटवर न पडता यंत्रावर पडतो. पात्र एक पाऊल सरकले की उजेड-सावलीचा हिशेब नव्याने होतो. गटात एक जरी जुना लॅपटॉप असेल, तर धबधबा स्थिर ठेवलेला बरा.

आवाज नेमका कशाने तुटतो?

तीन कारणे आहेत. पहिले विलंब, म्हणजे इथला शब्द तिकडे पोहोचायला लागणारा वेळ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर बहुतेक संभाषण सहज चालते. तो वाढत गेला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. दुसरे कारण जिटर, म्हणजे विलंबातली चढउतार. एक तुकडा ३० मिलिसेकंदांत, पुढचा १८० मध्ये, त्यापुढचा ४० मध्ये आला, की आवाज यंत्रमानवासारखा होतो. तिसरे कारण गळती, म्हणजे वाटेत हरवणारे तुकडे.

घरातल्या लाइनवर या तिन्हींना आमंत्रण देते ती राउटरमधली रांग. उसाच्या हंगामात अरुंद पुलावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली, की मागची दुचाकी कितीही हलकी असली तरी अडकते. इथेही तेच घडते. नकाशाच्या अपलोडने राउटरच्या रांगेत ५०० केबी माल तुंबला, तर ४ एमबीपीएसच्या लाइनवर तो उपसायला पूर्ण एक सेकंद लागतो. सूत्रधाराचा प्रत्येक शब्द तेवढा वेळ रांगेत उभा राहतो. म्हणून नकाशा दाखवला की नेमका त्याच क्षणी आवाज जातो. तंत्रज्ञ याला ‘बफरब्लोट’ म्हणतात.

हे घरी तपासता येते. आधी नेट मोकळे असताना पिंग पाहावा. मग एखादी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवायला लावून पुन्हा पाहावा. ३० मिलिसेकंदांचा आकडा ५०० वर गेला, तर दोष वेगाचा नसून रांगेचा आहे. काही राउटरमध्ये ही रांग शहाणपणाने हाताळणारी सोय असते. ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ या नावाखाली ती सापडते. ती सुरू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवली, की ट्रॉल्यांच्या मधून दुचाकीला वाट मिळते.

सर्व्हर कुठे आहे, याने फरक पडतो का?

पडतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. उमरखेड ते मुंबई हे पाच-सहाशे किलोमीटरचे अंतर त्याला तीन मिलिसेकंदांचे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे तेरा हजार किलोमीटर सरळ रेषेत धरले, तरी ६५ मिलिसेकंद जातात. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते, त्यामुळे जाऊन येण्याचा वेळ दोनशेच्या घरात पोहोचतो. सहापैकी पाच जण भारतात असताना आवाजाचा सर्व्हर परदेशात निघाला, तर पुणे-उमरखेड संभाषणही अर्धे जग फिरून येते. डिस्कॉर्डमध्ये आवाजाच्या चॅनेलच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडता येतो. तिथे भारत निवडणे हा एका मिनिटाचा उपाय आहे.

आवाज कोणत्या मार्गाने जातो, हेही महत्त्वाचे. फाउंड्रीतली आवाज-व्हिडीओची मूळ सोय खेळाडूंना एकमेकांशी थेट जोडते. सहा जण असतील, तर प्रत्येकाला आपला आवाज पाच वेळा पाठवावा लागतो. नुसता आवाज असेल तर ते निभते. पण कॅमेरा सुरू करून प्रत्येकी ५०० केबीपीएस धरले, तर अडीच एमबीपीएस अपलोड चेहरा दाखवण्यातच जाते. डिस्कॉर्डसारख्या सेवेत आवाज एकदाच सर्व्हरकडे जातो आणि पुढचे वाटप तिथून होते. म्हणून अपलोड कमी असलेल्यांसाठी ती पद्धत सोयीची.

घरच्या संगणकावर सर्व्हर चालवणाऱ्यांना आणखी दोन अडथळे येतात. मोबाइल नेटवर्क आणि अनेक स्थानिक पुरवठादार एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बरेच ग्राहक ठेवतात. त्यामुळे बाहेरच्या मित्राला आपल्या संगणकापर्यंत पोहोचताच येत नाही. दुसरे असे, की पत्ता ‘एचटीटीपीएस’ नसेल, तर ब्राउझर मायक्रोफोन वापरू देत नाही. ‘माइक खराब आहे’ असे वाटते, पण माइक ठणठणीत असतो. दोन्हींवरचा उपाय म्हणजे मुंबई किंवा हैदराबादच्या डेटा सेंटरमधला छोटा भाड्याचा सर्व्हर. मग नकाशा घरून एकदाच चढवायचा. पाच जणांना वाटण्याचे ओझे घरच्या लाइनवरून उतरते.

सूत्रधाराने काय करावे?

- नकाशा वेबपीमध्ये बदलावा आणि फाइल शक्यतो दोन-तीन एमबीच्या आत ठेवावी. गूगलचे ‘स्क्वूश’ हे ब्राउझरमधले मोफत साधन त्यासाठी पुरेसे आहे.

- एका चौकोनाला ७० ते १०० ठिपके पुरतात. संपूर्ण जंगल एका चित्रात कोंबण्यापेक्षा नदी, धबधबा आणि गुहा असे तीन वेगळे नकाशे करावेत.

- खेळाच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकदा नकाशे उघडायला सांगावेत. ब्राउझर ते साठवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पटकन दाखवतो. मात्र ‘इन्कॉग्निटो’ खिडकी बंद केली की हा साठा पुसला जातो. फाउंड्रीत पुढचा प्रसंग सगळ्यांकडे आधीच उतरवून ठेवण्याची सोय आहे. गप्पा सुरू असताना ती वापरावी, लढाई सुरू असताना नव्हे.

- आवाज आणि नकाशा एकाच प्रणालीवर चालवण्याचा हट्ट नको. नकाशा अडला तरी बोलणे सुरू राहिले पाहिजे. नकाशा नसेल तर सूत्रधार शब्दांनी गुहा उभी करू शकतो. आवाज नसेल तर काहीच उरत नाही.

खेळाडूंनी काय करावे?

कॅमेरा बंद ठेवावा. राउटर लांब असेल, तर लॅपटॉपला सरळ केबल लावावी. वाय-फायच वापरायचे, तर राउटरच्या खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झचा पर्याय निवडावा. भिंतीपलीकडे मात्र २.४ गिगाहर्ट्झ जास्त पोहोचतो, हेही खरे. खेळाच्या वेळेत मोबाइलचे फोटो-बॅकअप आणि संगणकाचे अपडेट थांबवावेत. अपलोड गिळण्यात फोटो-बॅकअपचा हात कोणी धरू शकत नाही, आणि तो गुपचूप चालतो.

साधा वायरचा इअरफोन लावावा. ब्लूटूथ इअरबडचा माइक सुरू झाला की अनेकदा आवाजाचा दर्जा उतरतो आणि विलंबही वाढतो. इअरफोन न लावल्यास स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि सगळ्यांना स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. घरात पंखा, टीव्ही, प्रेशर कुकर सुरू असेल, तर बटण दाबून बोलण्याची पद्धत बरी. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. राउटरपुरता छोटा यूपीएस असला, तर खेळ मध्येच मोडत नाही.

प्रणाली बनवणाऱ्यांकडून काय अपेक्षित आहे?

उमरखेडच्या बसस्थानकावर उभे राहून मोबाइलवर गूगलचा नकाशा उघडला, तर तो थोड्या वेळात दिसतो. तिथे सारे जग साठवलेले आहे. मग एका गुहेचा नकाशा का अडतो? कारण गूगल मॅप्स नकाशाचे लहान तुकडे करते आणि पडद्यावर दिसणारेच तुकडे आधी मागवते. टेबलटॉप प्रणालींमध्ये नकाशा बहुधा एकच सलग चित्र असतो. पूर्ण येईपर्यंत काहीच दिसत नाही.

आधी धूसर, लहान चित्र दाखवणे, मग दिसणारा भाग स्पष्ट करणे, फुगलेली फाइल चढवताना आपोआप दाबणे, नकाशा जात असताना आवाजाला आधी वाट देणे, ही कामे खेळाडूंच्या माथी मारण्यापेक्षा प्रणालीने करायला हवीत. रोल२० ने २०२४ मध्ये आपले नकाशाचे इंजिन नव्याने बांधून आणले, तेही हा बोजा हलका करण्यासाठीच. पण अशी साधने बहुधा वेगवान नेट आणि नवे संगणक असलेल्या देशांत तयार होतात आणि तपासलीही तिथेच जातात. मोबाइल हॉटस्पॉटवर, तीन-चार वर्षे जुन्या यंत्रावर चाचणी घेतली, तर यातले बरेच दोष पहिल्याच दिवशी दिसतील.

सरकारी आकड्यात काय राहून जाते?

भारतात ब्रॉडबँड कशाला म्हणायचे, याची व्याख्या जानेवारी २०२३ मध्ये बदलली. त्याआधी ५१२ केबीपीएस डाउनलोड पुरेसे मानले जाई. आता किमान २ एमबीपीएस लागतो. बदल स्वागतार्ह, पण मोजमाप अजूनही डाउनलोडचेच. अपलोड किती, याला व्याख्येत जागा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे सेवागुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात विलंब आणि गळतीबरोबर जिटरचाही विचार झाला आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. तरीही गावातल्या केबलवाल्याच्या फलकावर अजून एकच आकडा असतो आणि ग्राहक तोच पाहून पैसे भरतो.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी भारतनेट योजना २०११ पासून सुरू आहे. २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्यासाठी १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी मिळाली. ढाणकी, बिटरगाव, मुळावा, विडूळ अशा उमरखेड तालुक्यातल्या गावांसाठी प्रश्न केवळ वायर पोहोचली का, एवढाच नाही. त्या वायरवरून रात्री नऊ वाजता सलग दोन तास बोलता येते का, हे कोणी मोजते का, हाही आहे.

एका खेळासाठी एवढा खटाटोप कशाला?

कारण हीच लाइन दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरीच्या मुलाखतीला लागते. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलताना लागते. ऑनलाइन तोंडी परीक्षेत लागते. तिथेही आवाज असाच तुटतो, फक्त तिथे ‘थांब रे, परत सांग’ म्हणणारा मित्र समोर नसतो. मुलाखत घेणाऱ्याला विलंब आणि जिटर दिसत नाही. त्याला अडखळणारा उमेदवार दिसतो.

खेळातही असेच काही घडते, पण हळूहळू. ज्याचा आवाज सारखा तुटतो, तो आधी वाक्ये लहान करतो. मग ‘तुम्ही ठरवा’ म्हणू लागतो. काही आठवड्यांनी तो फक्त ऐकतो आणि एके दिवशी येणे बंद करतो. त्याला कंटाळा आला, असे बाकीच्यांना वाटते. गाव सोडून गेलेल्या आणि गावात राहिलेल्या मित्रांना जोडणारा हा आठवड्याचा एक धागा असतो. आणि बहुतेक वेळा तुटतो तो गावाकडच्या टोकाला.

म्हणून टेबल मांडताना सर्वांत चांगल्या लाइनचा विचार न करता सर्वांत कमकुवत लाइनचा करावा. तिच्यावर जो नकाशा उघडेल, तोच नकाशा निवडावा. तिच्यावरून जो आवाज सलग येईल, तीच व्यवस्था ठेवावी. यासाठी पैसे लागत नाहीत. आदल्या रात्रीची अर्धा तासाची तयारी लागते.

पुढच्या वेळी नवा प्लॅन घेताना केबलवाल्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत. अपलोड किती मिळेल? रात्री आठ ते अकरा या वेळेत पिंग किती राहतो? अपलोड सुरू असताना तो किती वाढतो? उत्तर लगेच मिळेलच असे नाही. पण दहा ग्राहकांनी हेच विचारले, तर फलकावर दुसरा आकडा लिहिण्याची वेळ त्याच्यावर येईल.